इंगळेकाकांचं गायरान

एक पाकीट मी एक दिवस उशिरा पोस्टात टाकलं. एवढंच. ऐकायला काही वाटत नाही. माझ्या मूर्खपणांची यादी तशी लांब आहे. अमेरिकेतल्या पहिल्याच थँक्सगिव्हिंगला टेबलावरच्या टर्कीकडे बघून मी यजमानीणबाईंना ‘हा मोर का?’ असं विचारलं होतं. डिशवॉशरमध्ये साधा भांड्यांचा साबण ओतून स्वयंपाकघरभर घोट्याएवढा फेस केला होता. हे मी नातवंडांना रंगवून सांगते. ती हसतात, मीही हसते. पाकिटाचं मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. आता सत्तरी ओलांडली, इथे अमेरिकेतच, बॉथेलला, मुलीच्या घरी खिडकीपाशी बसून असते, आणि ज्यांच्यासाठी गप्प बसायचं ते कुणी उरले नाहीत. तेव्हा सांगून टाकते.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आम्ही ऑरेगॉनच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात, एका लहान गावात राहत होतो. माझा नवरा अरुण तिथल्या इस्पितळात एकमेव सर्जन. गावात दोन पेट्रोल पंप, तीन चर्च, एक किराणा दुकान आणि तीन मराठी माणसं: अरुण, मी आणि इंगळेकाका. बाकी मैलच्या मैल सेजब्रशची करडी झुडपं.

काका वऱ्हाडातले, अमरावतीकडच्या एका खेड्यातले. गवताचं शास्त्र शिकायला अमेरिकेत आले, तिथल्या शेतकी संशोधन केंद्रात नोकरीला लागले, आणि मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. काकू त्याच सुमाराला गेल्या होत्या. मूलबाळ नाही. आम्ही गावात आल्याचं कळल्यावर एका रविवारी ते भेटायला आले. मी पुण्याहून आणलेले चांगले कप काढले, पोहे केले, साडी नेसले. दार उघडते तर माणूस आत यायला तयार नाही. आमच्या अंगणातल्या लॉनवर उकिडवे बसून गवत चिमटीत धरून बघतायत. डोक्यावर गुराख्यांची मोठी हॅट, पायात मात्र कोल्हापुरी.

“काका, आत या ना.”

“येतो. ही हजामत कोणी केली वो?”

“लॉन आहे, काका. अरुणनंच कापलं.”

“डॉक्टरला सांगा, पेशंटची करा, गवताची करू नका. याला एकदा तरी डोकं वर काढून बघू द्या, गाव कसं दिसतं ते.”

मग आत आले, पोहे दोनदा मागून घेतले, आणि माझ्या साडीकडे, कपांकडे, भिंतीवरच्या तंजावर चित्राकडे पाहून म्हणाले, “छान मांडलंय. आता एकदा बाहेर चला. इथं घरात काही नाही, जे आहे ते बाहेर आहे.”

त्यांच्या जुन्या पिकअपमधून आम्ही पहिल्यांदा त्यांच्या आवडत्या कुरणावर गेलो ते असं. गावापासून वीसेक मैल, शेवटचे चार मैल नुसता धुरळा. वाटेत तारांच्या कुंपणाला दोन गेटं होती. पहिलं उघडं होतं, ते उघडंच ठेवून आम्ही पुढे गेलो. दुसरं बंद होतं. काकांनी उतरून उघडलं, गाडी आत घेतली आणि पुन्हा उतरून लावलं. मी म्हटलं, लगेच तर परत यायचंय, राहू दे ना. ते म्हणाले, “इकडचा एकच धर्म आहे, पोरी. गेट जसं सापडलं तसं ठेवायचं. उघडं सापडलं, उघडं. बंद सापडलं, बंद. का, कशाला, ते ज्याचं त्याला माहीत.”

कुरण म्हणजे डोंगराच्या कुशीतली एकशे साठ एकरांची उतरण. वर एक झरा, आणि झऱ्याखाली गवत. मला तेव्हा ते नुसतं गवत दिसलं. पुणेकर मुलीला मोकळी जमीन दिसली की तिला प्लॉट दिसतात. मी विचारलं, “ही कुणाची?”

“तुझी.”

“माझी?”

“परवा सिटिझनशिपची शपथ घेतलीस ना हात वर करून? मग तुझी. माझी. पोस्टातल्या बाईची. केंद्र सरकारची आहे, म्हंजे कोणाची नाही आणि सगळ्यांची. आपल्याकडं गायरान असते ना गावाचं, तसं.”

“मग एवढी नुसती पडून का? विकून टाकली तर लोक घरं तरी बांधतील.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. लॉनकडे पाहिलं होतं तसं.

ते दर महिन्याला तिथे जाऊन गवत मोजत. सतरा वर्षं मोजत होते, आधी नोकरी म्हणून, मग नोकरी सुटल्यावरही. हत्यार एकच: एका मोडक्या लहान सायकलच्या चाकाची नुसती रिंग, तारा काढलेली. उतरणीवर उभं राहून, पाठ करून, ती खांद्यावरून मागे फेकायची. पडेल तिथे गुडघे टेकून रिंगच्या आत काय काय उगवलंय ते मोजायचं. असं वीस वेळा. मी म्हटलं, “काका, बघून फेका ना, ती तिकडे दगडात पडली.”

“बघून फेकलं की हात चांगल्या जागेकडं जातो. माणूस निवडायला लागला की खोटं बोलायला लागतो.”

मी वही धरायचे. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. घरी मला करमत नव्हतं, मुलगी अजून झाली नव्हती, आणि माझ्याकडे पुण्यातल्या एका क्लासचं टायपिंगचं सर्टिफिकेट होतं ज्याचा मला फार गर्व होता. म्हणून मी त्यांची लेखनिक झाले. त्यांनी मला झुपक्यांनी वाढणारं इथलं मूळ गवत दाखवलं, आणि त्याच्या मधे घुसणारं बारीक, लालसर, ठिसूळ गवतही. त्याला ते ठग म्हणत. “हेही आपल्यासारखंच समुद्रापलीकडून आलेलं. पण आल्यापासून शेजाऱ्याला जगू देत नाही. आपण तसं करायचं नाही.” दुपारी झऱ्यापाशी बसून मक्याच्या पिठाची जाड भाकरी आणि तिळाची चटणी. ज्वारी मिळत नाही याचं दुःख त्यांनी दर खेपेला नव्यानं केलं.

डेल नावाचा एक गुरंवाला होता. त्याच्या गाई सरकारी परवान्यावर त्या कुरणात चरत. पूर्वी काकांचं आणि त्याचं बोलणं बंद होतं, कारण काकांनी त्याला सांगितलं होतं की तुझ्या गाई गवताला मुळासकट खातात. मग एका वर्षी काकांनी त्याला वही दाखवली, आकडे दाखवले. डेलनं महिनाभर विचार केला आणि दर तिसऱ्या वर्षी कुरणाला विश्रांती द्यायला लागला. मैत्री झाली ती अशी, न बोलता. दोघं शेजारी शेजारी उभे राहत आणि एकाच दिशेला बघत.

त्याच सुमाराला विकण्याचं वारं आलं. सरकारकडे जमीन फार झाली, सांभाळता येत नाही, विकून टाका, असं वर ठरत होतं. आमच्या भागातल्या तुकड्यांची यादी निघाली. कुरण त्या यादीत होतं.

शाळेच्या जिममध्ये सभा झाली. मी पहिल्यांदाच असली सभा पाहत होते. भांडण होईल म्हणून मी मनातून खूश होते, खोटं कशाला सांगू. पण लोक शहाण्यासारखं बोलले, तेच अवघड होतं. एक बाई म्हणाल्या, सरकारच्या जमिनीवर कर लागत नाही, म्हणून या शाळेचं छप्पर गळतंय, बघा वर. आम्ही सगळ्यांनी वर बघितलं. खरंच गळत होतं. एक म्हातारा म्हणाला, इथून हजारो मैलांवर बसलेल्या बाबूनं माझ्या आजोबाच्या वाटेवर कुलूप घालायचं, यापेक्षा विकलेलं बरं. डेल म्हणाला, विकलं तर ते आपल्याला मिळेल असं कोण म्हणतं? कॅलिफोर्नियाचा माणूस घेईल.

मग इंगळेकाका उभे राहिले. हॅट हातात. त्यांचं इंग्रजी वऱ्हाडीतूनच यायचं. त्यांनी गायरान म्हणजे काय ते सांगितलं, त्यांच्या गावचं गायरान कसं संपलं ते सांगितलं. मागून कुणीतरी म्हणालं, “इंडियातल्या गाईंचं आम्हाला काय?”

काका म्हणाले, “काही नाही. त्या मेल्या. तुमच्या अजून आहेत.” आणि बसले.

परत येताना पिकअपमध्ये त्यांनी हॅट मांडीवर ठेवली. मग समोर बघतच म्हणाले, “सभेत अर्धं सांगितलं मी.”

“म्हणजे?”

“गायरान संपलं म्हणालो. कोणी संपवलं ते नाही सांगितलं. आमच्या बापानं. आमचं वावर गायरानाला लागून. दर साली बांध हातभर सरकायचा. एका साली बापानं सरळ नांगरच घातला मधोमध. त्याचं पाहून दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. गावात सदा नावाचा गुराखी होता, साऱ्या गावची गुरं तोच न्यायचा. त्याला चारायला जागा राहिली नाही. पोरंबाळं घेऊन निघून गेला. कुठं गेला, कोणाला माहीत नाही.”

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, “काका, तुम्ही लहान असाल तेव्हा.”

“आठ वर्षांचा. बापाला नांगरावर भाकर मीच नेऊन दिली. त्या साली त्या जमिनीतली ज्वारी इतकी गोड होती, पोरी. तेच वाईट झालं. अजून जिभेवर आहे.”

सभेत बोललेलं मोजलं जात नव्हतं. हरकत लेखी हवी, आणि पाकिटावर ठरलेल्या तारखेपर्यंतचा पोस्टाचा शिक्का हवा. काकांनी सतरा वर्षांच्या आकड्यांचा तक्ता केला, हरकतीचा अर्ज लिहिला. डेलनं गावभर फिरून सह्या आणल्या. त्या गळक्या छपराच्या बाईंनीही सही केली, का ते मला माहीत नाही. सगळं माझ्याकडे टाइप करायला आलं. काका गवत मोजायला चार दिवस डोंगरात जाणार होते, मुक्कामालाच. जाताना म्हणाले, “तुझ्या हातात आहे आता. सोमवारी मुदत संपते.”

मी शनिवारीच सगळं टाइप केलं. एक चूक नाही, समास सारखे, फार देखणं झालं. पाकीट बंद केलं, पत्ता घातला, डाव्या कोपऱ्यात काकांचा पत्ता. आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. आईनं पुण्याहून पाठवलेलं. पितृपंधरवडा चालू होता. सोमवारी सर्वपित्री अमावास्या.

आता या मुलीचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. घरात मायक्रोवेव्ह, नवरा सर्जन, स्वतः कॉमर्सची पदवीधर. ती म्हणते, इतकं महत्त्वाचं काम पितृपक्षात, अमावास्येच्या दिवशी कसं धाडायचं? मंगळवारी घटस्थापना आहे. देवीच्या दिवशी गेलं तर यश येईल. आणि मुदत? मुदत सरकारी. सरकारी कामात एक दिवस इकडेतिकडे कोण बघतं? पुण्यात आमचे शेजारी, तिथल्याच एका कचेरीतले हेडक्लार्क, मुदतीनंतर आठवडाभर अर्ज घेत, वर चहा पाजत. मी पाकीट देवापुढे ठेवलं. सोमवारभर ते तिथेच होतं. मी त्याला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला, कुरण वाचू दे म्हणाले. मनापासून म्हणाले. मंगळवारी सकाळी घट बसवला आणि नवी साडी नेसून पोस्टात गेले. पोस्टातल्या बाईंनी पाकिटावरचा पिवळा डाग नखानं खरवडून पाहिला आणि शिक्का मारला.

तीन आठवड्यांनी ते परत आलं. काकांच्या घरी. मुदतीनंतरचं, विचारात घेतलेलं नाही. आमच्या कुरणावर दुसरी एकही लेखी हरकत नव्हती, कारण सगळ्या सह्या त्या एका पाकिटात होत्या.

काकांनी फोन केला. मी म्हटलं, “मी तर वेळेवर टाकलं होतं, काका. कुठेतरी अडकलं असेल.” हे मी इतकं पटकन म्हटलं की माझं मलाच नवल वाटलं. मग ते म्हणाले, “असंल. जेवलीस?”

शिक्का पाकिटावर होता. ते त्यांच्या हातात होतं. हे मला तेव्हा सुचलंच नाही.

सुचलं ते किराणा दुकानात. काका आणि मी टोमॅटोच्या डब्यांपाशी उभे होतो, तेवढ्यात डेल आला. टोपीसुद्धा काढली नाही त्यानं. म्हणाला, “काय झालं ते मला सांग. मी आणलेल्या त्रेचाळीस माणसांच्या सह्या होत्या त्यात.”

काका म्हणाले, “उशीर माझा. मी या पोरीकडं उशिरा दिलं.”

डेल त्यांच्याकडे बघत राहिला. “सतरा वर्षं तुला गवत मोजता आलं, आणि दिवस मोजता आले नाहीत?”

काकांनी हातातला डबा फळीवर ठेवला, लेबल पुढे येईल असा सरळ केला. मी शेजारी उभी. मला फक्त तोंड उघडायचं होतं. एक वाक्य. मी हातातल्या डब्यावरचं मिठाचं प्रमाण वाचत राहिले. डेल निघून गेला, आणि त्यानंतर ते दोघं कधी शेजारी उभे राहिलेले मी पाहिले नाहीत.

घरी येऊन मात्र मी अरुणला सगळं सांगितलं. तो मला रागावला नाही. त्यानं कॅलेंडर भिंतीवरून काढलं, टेबलावर ठेवलं, पेन घेतलं आणि दोन मिनिटं काहीतरी केलं. मग म्हणाला, “यात छापलेली वेळ पुण्याची आहे. अमावास्या तिथे संध्याकाळी संपली. म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटेच.” पोस्ट नऊला उघडायचं. मी ज्या अमावास्येला घाबरून सोमवारभर घरात बसले, ती आमच्या गावात त्या दिवशी उजाडायच्या आत गेलेली होती.

पुढे विकण्याचं ते वारं पडलं. लोकांना आवडलं नाही, वरच्यांनी हात आवरता घेतला, यादीतले आजूबाजूचे बरेच तुकडे सुटले. आमचा तोवर गेला होता. कॅलिफोर्नियातल्या कुणीतरी घेतला. तो कधी आला असेल तर मी पाहिला नाही. कुंपण मात्र आलं, नव्या चकचकीत तारेचं, आणि गेटाला साखळी, साखळीला कुलूप. डेलनं त्या हिवाळ्यात निम्म्या गाई काढल्या.

काका पुढच्या वसंतात नॉर्थ कॅरोलिनाला, कॅरीला, पुतण्याकडे राहायला गेले. म्हणाले, गुडघे दुखतात. तिथेच दोन वर्षांनी वारले. पुतण्यानं फोनवर सांगितलं, काका दिवसभर अंगणात बसायचे आणि आम्हाला लॉन कापू द्यायचे नाहीत. फोन ठेवल्यावर मी उठून आमच्या लॉनचं मशीन शेजाऱ्यांना देऊन टाकलं. याला प्रायश्चित्त म्हणत नाहीत, मला कळतं.

कॅरीला जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला पिकअपमध्ये घेतलं होतं. कुठे ते मी विचारलं नाही. पहिलं गेट उघडं होतं, ते उघडं ठेवलं. दुसऱ्या गेटापाशी ते उतरले. कुलूप हातात घेऊन पाहिलं आणि हलकेच सोडलं. तारेच्या खालून वाकून जाता आलं असतं; तिथली अर्धी माणसं जात. मी तसं म्हटलंही.

“बंद सापडलं,” ते म्हणाले.

मग त्यांनी गाडीतून रिंग काढली. कुंपणाकडे पाठ करून उभे राहिले, हॅट काढून बॉनेटवर ठेवली, आणि रिंग खांद्यावरून मागे फेकली. ती तारेवरून गेली. आत, चांगली लांब, गवतात पडली आणि दिसेनाशी झाली. गवत त्या वर्षी गुडघ्याएवढं होतं, आत गाई नव्हत्या ना. काका वळले. तारेला हात लावून, डोळ्यांवर दुसऱ्या हाताची सावली धरून बघत राहिले. इतक्या लांबून मोजता येण्यासारखं काही नव्हतं. ती रिंग आता बाहेर येणार नव्हती, हे त्यांना फेकण्याआधीच माहीत असणार.

माझ्याकडे वही होती. नेहमीप्रमाणे मी ती उघडून धरली होती आणि मला अक्षरं दिसत नव्हती. मी म्हटलं, “काका, ते पाकीट मी मंगळवारी टाकलं. सोमवारी अमावास्या होती म्हणून ठेवलं. मी तुमच्याशी खोटं बोलले, आणि डेलसमोर गप्प बसले.”

ते वळले नाहीत. कुंपणाकडे तोंड करूनच म्हणाले:

“माहीत आहे, पोरी. पाकिटाला हळद होती. आमच्या बापानंही त्या दिवशी बैलांच्या कपाळाला हळद लावली होती, मुहूर्त पाहूनच नांगर घातला होता त्यानं. जाऊ दे. रडू नको, वही भिजते. आजची तारीख घाल, आणि लिही: गवत आहे. मोजता आलं नाही.”